उशीवरचा रेडिओ

३ ऑक्टोबर, गुरुवार

आलो एकदाच्या. बस चढावर दोनदा थांबली, पण आई तिन्ही तास खिडकीला नाक लावून खूश होती. बुकोव्ये गावच्या चर्चचा मनोरा दिसल्याबरोबर तिने ड्रायव्हरला सांगून टाकलं, की मी इथली आहे. तो म्हणाला, आजी, इथली माणसं मी फक्त नेतो, परत आणलेल्या तुम्ही पहिल्याच. तेव्हापासून ती हे मला चार वेळा सांगून हसली आहे.

तिचं माहेर कधीच विकलं गेलं. आम्ही अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीसमोर वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. समोरच्याच इमारतीत, वर, गावाचा रेडिओ चालतो. आईने सामान उघडण्याआधी पिशवीतून आपल्या लोकरी सपाता काढल्या. डाव्या सपातेची टाच कायमची दुमडलेली आहे, त्यामुळे तिचं एक पाऊल गप्प पडतं आणि एक फटकन. रियेका शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खालचे लोक यावरून तक्रार करायचे. इथे खाली लाकडांची वखार आहे. तक्रार करणार कोण?

तिच्या हृदयाचं डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. तिला इथे यायचं होतं, आणलं.

६ ऑक्टोबर, रविवार

रेडिओवर जाऊन आले. अकरा माणसं, सगळी बिनपगारी. प्रमुख फेर्दो, वनखात्यातून निवृत्त झालेला, सत्तरीचा, दारातून येताना वाकावं लागतं इतका उंच. म्हणाला, इथे पगार म्हणजे कॉफी, आणि बढती मिळाली तर दुसरी कॉफी. मी वीस वर्षं जनमत पाहणीच्या कंपनीत प्रश्नावल्या करत होते हे कळल्यावर त्याने तिसरी ओतली. डिसेंबरअखेर परवान्याचं नूतनीकरण आहे. आम्हाला कोण ऐकतं, काय आवडतं, काय नको, याचा पुरावा राजधानीत, झाग्रेबला द्यायचा आहे. तो म्हणाला, तिहानाबाई, आम्ही तीस वर्षं बहिऱ्या सासूशी बोलावं तसं बोलतोय, पलीकडे काय पोचतं देव जाणे.

पावणेबाराला इव्का आली. एक्याऐंशी वर्षांची, डोक्याला काळा रुमाल. गावात कुणी गेलं की त्याची सूचना तीच वाचते. नाव, वय, अंत्यविधीची वेळ, मग नाव पुन्हा एकदा. मग तिने माईक बंद केला, आणि बारा वाजेपर्यंत रेडिओवर काहीच नव्हतं. नऊ मिनिटं शांतता. मी फेर्दोकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

भरलेले फॉर्म टाकायला एक पेटी बेकरीत ठेवली आहे, शिवाय मी स्वतः घरोघर जाते. इतकं मन लावून बोलणारे लोक मला शहरात भेटले नव्हते. हवामान सांगणारा रोज खोटं बोलतो पण आवाज गोड आहे, त्याला काढू नका, असं एकीचं म्हणणं. एकाने सूचनांच्या रकान्यात फक्त ‘फेर्दो कमी’ असं लिहिलं. फेर्दोने ते फ्रेम करायला घेतलं आहे.

याकोव नावाच्या म्हाताऱ्याने फॉर्म माझ्या हातून घेतला आणि स्वतःच भरला. आरागिरणीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत, त्यामुळे त्याचं कुठलंच गोल अक्षर पुरतं मिटत नाही. त्याची बायको तोन्का म्हणाली, लग्नाच्या नोंदवहीतसुद्धा यांनी असंच अर्धं नाव लिहिलंय, म्हणून अर्धाच संसार केला. तो म्हणाला, उरलेला अर्धा तुझ्या बडबडीत गेला.

‘रेडिओ कुठे ऐकता?’ याला बहुतेकांनी स्वयंपाकघर लिहिलं आहे. नऊ जणांनी मात्र ‘उशीवर’ लिहिलं आहे. मी ते ‘झोपायची खोली’ या वर्गात टाकलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

अठ्ठ्याऐंशी फॉर्म. एक आकडा डोळ्यांत भरतो. त्रेसष्ट जण पावणेबाराला, मृत्यूच्या सूचना झाल्यावर, रेडिओ बंद करतात. दहातले सात. पुढे कित्येक जण दिवसभर पुन्हा लावत नाहीत.

कारण विचारायला काही घरी परत गेले. दार का लावता, असं विचारणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक बाई एवढंच म्हणाली, की बंद करतात ते. मी ‘कारण सांगितलं नाही’ असं नोंदवलं. आणखी खोदून विचारायला हवं होतं का? हवं होतं. पण अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. आईला घेऊन दफनभूमीत गेले. सगळा उतार मेणबत्त्यांनी भरला होता. आई परतताना म्हणाली, तिच्या लहानपणी रेडिओ नव्हता, ढोलवाला होता. कुणी गेलं की तो त्या घरासमोर उभा राहायचा, ढोल वाजवायचा, नाव दोनदा घ्यायचा आणि चालू लागायचा. तो वळला की घरच्यांनी लगेच दार लावायचं, नाहीतर त्याच्या मागोमाग जायचे म्हणे. कोण जायचे, असं मी विचारलं. आई म्हणाली, कोण म्हणजे? ज्याचं नाव घेतलं तो.

गंमत वाटली. अहवालाशी याचा संबंध आहे असं मनातसुद्धा आलं नाही. हे खरं आहे म्हणून लिहिते.

४ नोव्हेंबर, सोमवार

बैठक झाली. मी आकडे मांडले: सूचनांच्या वेळी सत्तर टक्के श्रोते निघून जातात, त्यानंतरची शांतता परवान्याच्या दृष्टीने धोक्याची आहे. माझी शिफारस, की सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर द्याव्या, आणि त्या वेळात अकॉर्डियन लावावं.

इव्काने एकच विचारलं. पोरी, ते बंद कधी करतात हे विचारलंस, पण लावतात कुणासाठी हे विचारलंस का? मी म्हटलं, तो वेगळा प्रश्न होईल, पुढच्या वेळी घेऊ. कुणीतरी खोकलं. सगळे टेबलाकडे पाहत होते. फेर्दो म्हणाला, झाग्रेबच्या लोकांना आपण काय सांगणार, इव्का? सहा विरुद्ध चार मतांनी ठराव झाला.

इव्काने तिची नावांची वही माझ्यापुढे ठेवली आणि रुमाल बांधून निघून गेली. आपण बरोबर केलं की फक्त जिंकलो, हे मला कळत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

याकोव गेला. झोपेतच. नव्या पद्धतीने सूचना फलकावर लावली, वहीतही नाव लिहिलं. पावणेबाराला अकॉर्डियन होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बेकरीतली पेटी उचलायची राहिली होती. आज उघडली तर आत एक फॉर्म.

कुठे ऐकता: उशीवर. केव्हा: सारखाच, थांबत नाही. काय बदलावं: माझं नाव घ्या.

एकही गोल अक्षर पुरतं मिटलेलं नव्हतं. मी त्याचा ऑक्टोबरचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. अर्धा तास दोन्ही पाहिले. कुणीतरी नक्कल केली असेल. पण ऑक्टोबरचे फॉर्म माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या गळ्यात.

२० नोव्हेंबर, बुधवार

दहातल्या एका फॉर्मची घरी जाऊन खातरजमा करायची, हा आमच्या कामाचा नियम. गेले.

तोन्काने फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाली, यांचाच. तिला मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं. तिने मला झोपायच्या खोलीच्या दारात नेलं. पलंग नीट घातलेला, उशीवर छोटा रेडिओ, चालू. साडेअकरा वाजले होते, बाहेर ऊन होतं. उशीला रेडिओशेजारी खळगा पडला होता, डोक्याएवढा.

ती मला लहान मुलीला सांगावं तसं सांगत होती. माणूस गेला की त्याच्या उशीवर रेडिओ लावतात. त्याचं नाव त्याने ऐकायचं असतं. नाव झालं की घरच्यांनी लगेच रेडिओ बंद करायचा आणि खिडकी उघडायची. बाकीच्या घरांनीही बंद करायचा. गप्पा चालू असताना पाहुणा उठतो का, बाई? तुमचं ते वाजंत्री लागतं, आणि हे आपले वाट बघत पडून राहतात.

मग पावणेबारा झाले. अकॉर्डियन सुरू झालं. रिकाम्या पलंगावरून कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि उशीतला खळगा हळूच दुसऱ्या कुशीवर वळला.

घरी कशी आले ते लिहीत नाही. त्रेसष्ट माणसांनी मला खरं उत्तर दिलं होतं. मी ते चुकीच्या वर्गात टाकलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज पेटीत चार. चारही माणसं बैठकीनंतर गेलेली. चौघांचं मागणं एकच. एकीने खाली लिहिलं होतं, की अकॉर्डियनवाला ताल सोडून वाजवतो. वाचताना मला हसू आलं. हसल्यावर स्वतःची लाज वाटली.

इव्काकडे गेले, तुम्ही परत या म्हणून हात जोडले. तिने सफरचंदं सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, ज्याने बंद केलं त्यानेच उघडायचं असतं, मी वाचून चालायचं नाही. रीतही सांगितली. राहिलेली सगळी नावं एका बैठकीत, एकही न गाळता. एक गाळलं तर कुणीच हलत नाही. वाचणाऱ्याच्या घरचं कुणी असेल तर ते शेवटी. आणि प्रत्येक घरी रेडिओ बंद करायला जिवंत माणूस हवं. नाहीतर, मी विचारलं. ती म्हणाली, नाहीतर ते आवाजाच्या मागे येतात. ढोलवाल्याच्या यायचे तसे.

फेर्दोशी बोलले. तो खाली मान घालून म्हणाला, घरी सगळेच करतो आम्ही, तिहानाबाई, सभेत बोलायची लाज वाटली. शुक्रवारी वाचायचं ठरलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आई गेली.

मी समोर स्टुडिओत उद्याची नावं तपासत होते. ती खुर्चीत बसलेली होती, कॉफी अर्धी, रेडिओवर अकॉर्डियन. हात अजून कोमट होता.

१ डिसेंबर, रविवार

काल पुरलं. अर्धं गाव आलं होतं. शुक्रवारचं वाचन पुढे ढकललं, कुणी काही बोललं नाही. फेर्दोने फावडं माझ्या हातातून काढून घेतलं, मी इतका वेळ धरून उभी होते म्हणे.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दहाला स्वयंपाकघरात कपात चमचा फिरल्याचा आवाज. तीन वळसे, मग काठावर एकदा टिचकी. आई तसंच करायची.

गेले. कुणी नाही. कप मांडणीतच. पण चमचा ओला.

४ डिसेंबर, बुधवार

पॅसेजमध्ये पाऊल. एक गप्प, एक फटकन. सपाता मी स्वतः शवपेटीत तिच्या पायांत घातल्या होत्या.

मला भीती वाटली नाही. तेच लिहायला बसले आहे. याकोवच्या उशीने मी दोन रात्री झोपले नव्हते, आणि आज मी दार किलकिलं ठेवलं, नीट ऐकू यावं म्हणून.

फेर्दोने विचारलं, कधी वाचायचं. म्हटलं, बरं वाटत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

तोन्का आली. कोट न काढता बसली. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, मला कळतंय बाई. मलाही पहिल्या आठवड्यात बरंच वाटलं होतं. माणूस घरात आहे असं वाटतं. पण ते घरात नसतात, रांगेत उभे असतात. माझा नवरा तीन आठवडे उभा आहे, आणि त्याचे गुडघे जिवंतपणीही धड नव्हते.

ती उठली तेव्हा स्वयंपाकघरात चमचा वाजला. तिने ऐकलं. मला म्हणाली, आईला त्रास देतेस तू.

मी दार लावून घेतलं. किती दुष्टपणा, असं मनात आलं. तिचा म्हणायचा होता, की माझा?

७ डिसेंबर, शनिवार

पेटी मी उचलून घरी आणली होती. कुलूप लावून. आज त्यात एक फॉर्म. आईचं अक्षर, उजवीकडे कललेलं.

कुठे ऐकता: स्वयंपाकघरात. केव्हा: बंदच होत नाही. काय आवडतं: मुलीचा आवाज.

काय बदलावं: हा रकाना कोरा होता. बरं वाटलं मला. देवा, बरं वाटलं.

संध्याकाळी फॉर्म पुन्हा काढला. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने —

थकले गं.

९ डिसेंबर, सोमवार

उद्या. ठरलं.

तक्ता केला. सात नावं: याकोव, पेटीतले ते चौघे, गेल्या आठवड्यात गेलेला एक, आणि आई. पहिला रकाना नाव, दुसरा घर, तिसरा रेडिओ बंद कोण करणार. सहा घरं फिरले. तोन्का म्हणाली, हात धुऊन बसते. बाकी कुणी मुलगा, कुणी सून. सगळे आधीच तयार होते, माझीच वाट बघत होते.

फेर्दोने जिन्यात विचारलं, तुमच्याकडे कोण बंद करणार? मी आहे, हवं तर. मी म्हटलं, सोय केली आहे.

का म्हटलं तसं —

१० डिसेंबर, मंगळवार

११.३५. स्टुडिओ. सकाळी आईच्या उशीवर रेडिओ ठेवून, लावून आले. खळगा लगेच पडला. खिडकीतून सगळा उतार दिसतो, बर्फ, धुराडी. आमची खिडकीही. इव्का खाली पायरीवर बसली आहे. वर येत नाही म्हणाली, वरचं काम तुझं. एकही नाव गळू नये म्हणून वेळेसकट लिहिते.

११.४७. याकोव. दोनदा. तोन्काची खिडकी उघडली.

११.४९. तीन झाली. तीन खिडक्या. पडदे बाहेरच्या बाजूला फुगतात, वारा नसताना.

११.५१. सहा. सहा खिडक्या. आत माणसं उभी आहेत, इकडे बघत. पडदे थांबले आहेत. सातव्या नावासाठी —

आता आई.

११.५३. वाचलं. ल्येर्का, शहात्तर वर्षं. दोनदा नाव घेतलं. माईक बंद केला. समोर सहा पडदे एकदम खाली पडले. तोन्का खिडकीत रडते आहे, किंवा हसते आहे. गेले ते. सगळे गेले.

आमची खिडकी बंद आहे.

तक्ता समोर. सातव्या ओळीत तिसरा रकाना — कोरा. वीस वर्षांत मी एक रकाना कोरा सोडलेला नाही. विसरले म्हणावं तर फेर्दोने विचारलं होतं. आणि मी सोय केली आहे म्हटलं.

हीच सोय. मीच केली. थकले म्हणाली होती ती, तरी —

११.५५. आमचं खालचं दार उघडलं. बर्फावर कुणी दिसत नाही. इव्का पायरीवरून उठली. भिंतीला टेकून बाजूला झाली, कुणाला वाट द्यावी तशी. तिने वर पाहिलं, माझ्याकडे. नाही अशी मान हलवली.

जिना. एक गप्प, एक फटकन.

बंद करायला हवा होता. अजून पळत जाऊन — पण वाट एकच आहे, तिच्या —

गप्प. फटकन.

भीती वाटते. खरं लिहायचं तर भीतीपेक्षा —

माईकचा दिवा मी बंद केला होता. तो आता लाल —

ती दार कधी वाजवत नाही, नुसतीच